पावसाळ्यानंतर पॅरामोटर जोडलाय : पंख्याचे बोल्ट सैल, पूर्ण रेसला इंजिन बसतंय

खानापूर_हवा
जूनपासून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला पॅरामोटर (पाठीवर इंजिन आणि पंखा बांधून पॅराग्लायडरनं उडायचं यंत्र) जोडलाय. इंजिन 185 सीसी टू-स्ट्रोक, पंखा लाकडी. पाना लावल्याबरोबर पंख्याचे सगळे बोल्ट पाव फेरा फिरले. आयडलिंग छान आहे, पण पूर्ण रेस दिली की थोड्या वेळात इंजिन बसतं. टाकीत जूनचंच पेट्रोल. बोल्ट आवळून आणि पेट्रोल बदलून उडलं तर चालेल ना?

निपाणी_टू_स्ट्रोक
नुसते आवळू नका, पंखा उतरवा. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, बोल्टांखाली दबतं आणि दिवाळीच्या कोरड्या हवेत आकसतं. पंखा फिरतो तो हबच्या, म्हणजे ज्या फिरत्या चकतीवर तो बोल्टांनी बसतो तिच्या, घट्ट पकडीवर. ती सुटली की तो हबवर घासतो, लाकूड जळतं आणि सगळा भार बोल्टांवर येतो. हबला टेकणारी बाजू उजेडात बघा. ती स्वच्छ असेल तरच समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळायच्या जोरावर) आणा, अंदाजानं नको. मग प्लगची कॅप काढून पंखा हातानं फिरवा. दोन्ही पात्यांची टोकं पंख्याभोवतीच्या पिंजऱ्यावरच्या एकाच खुणेसमोरून सारखीच गेली पाहिजेत.

हुक्केरी_कार्ब
पेट्रोल बदला, पण दुखणं तिथंच संपत नाही. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, शिवाय कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम (पेट्रोल सोडणारा पातळ पडदा) कडक होतो. आयडलला भागतं, पूर्ण रेसला पेट्रोल कमी पडतं. तशा कोरड्या मिश्रणावर रेस देत राहिलात तर पिस्टन जाम होईल. डायफ्रॅमचा किट बदला, पेट्रोलची नळी दाबून बघा. कडक लागली तर तीही बदला. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक आधी तपासा, कुंभारीण माशी तिथं मातीचं घर करते. भोक बुजलं की टाकीत निर्वात होतो, मग पेट्रोल पुढं येत नाही. ऑइल मॅन्युअलप्रमाणे : 2 टक्के असेल तर 5 लिटरला 100 मिली, 2.5 टक्के असेल तर 125.

चिकोडी_विंग
शेडमध्ये होता म्हणजे उंदीर आलेच. पिंजऱ्याच्या जाळीचा एकेक दोरा आणि थ्रॉटलची केबल बोटांनी चाचपा. सायलेन्सरच्या स्प्रिंगा आणि रबरी माउंटना चीर नाही ना, बघा. पिंजरा जोडून हार्नेसमध्ये (बसायच्या पट्ट्यांच्या साजात) लटका, म्हणजे वजन आल्यावर पंखा आणि पिंजऱ्याचं कडं यांत किती जागा राहते ते कळेल. दमट जागेत राहिलेला रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) उघडून, वाळवून पुन्हा पॅक करून घ्या. इंजिन चालू केल्यावर आधी किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) दाबून बघा; पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. आणि मांडीचे पट्टे सगळ्यात आधी लावायचे, सगळ्यात शेवटी सोडायचे.

खानापूर_हवा
पंखा उतरवला. एका बोल्टाच्या भोकाभोवती करंगळीच्या नखाएवढा काळपट डाग आहे, नख लावलं की भुसा निघतो.

निपाणी_टू_स्ट्रोक
मग हा पंखा परत चढवू नका. घासून गुळगुळीत केलात तरी आतलं लाकूड मऊच राहणार. नवा पंखा आणि नवे बोल्ट घ्या. हबचं तोंडही पुसून बघा, तिथं चरा असेल तर नवा पंखाही तसाच जाईल.