मराठी मीडियमची मुलगी, इंजिनिअरिंगला जायचंय, कसं करू?

गोवंडीकर_दादा
बहीण यंदा दहावी झाली, ८४ टक्के, विज्ञानात ९१. शाळा पूर्ण मराठी, सेमी पण नाही. लहानपणापासून घरातलं काही बिघडलं की तीच उघडून बसते, गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या मिक्सरचे कार्बन ब्रश तिनेच बदलले. पप्पा वॉचमन, मी कुरिअरला. एका क्लासवाल्याने दोन वर्षांचे अडीच लाख सांगितले आणि वर तिच्यासमोरच म्हणाला की मराठी मीडियमला सायन्स झेपत नाही, कॉमर्सला टाका. तेव्हापासून गप्प आहे ती. बारावी करून सीईटीच, म्हणजे ती इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, द्यावी लागते का? कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा प्लीज.

डिप्लोमावाला_कुर्ला
मी गेलोय. अकरावी सोडा, पॉलिटेक्निकचा फॉर्म भरा. ३ वर्षांचा डिप्लोमा, अ‍ॅडमिशन दहावीच्या मार्कांवर, एन्ट्रन्स नाही, म्हणजे क्लासचा प्रश्नच मिटला. बांद्र्याला खेरवाडीत गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक आहे, माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये पण डिप्लोमा आहे. पुढे डिग्रीला डिप्लोमाच्या मार्कांवर डायरेक्ट सेकंड इयर, सीईटी नाही.
इंग्लिशचं खरं सांगतो, पहिले चार महिने वाईट गेले. सर मोमेंटम मोमेंटम करत होते आणि मी नुसता फळ्याकडे बघत होतो, घरी आल्यावर कळलं अरे हा तर आपला संवेग, हे तर मला येतं! मग दोनशे पानी वही केली, डावीकडे मराठी उजवीकडे इंग्लिश. त्वरण अ‍ॅक्सिलरेशन, अपवर्तन रिफ्रॅक्शन, रोध रेझिस्टन्स. रोज दहा शब्द. ती वही आत्ता सुट्टीतच सुरू करा, कॉलेज सुरू झाल्यावर वेळ मिळत नाही.

बाई_निवृत्त
३१ वर्षं विज्ञान शिकवलं, तो क्लासवाला काय बोलला ते वाचून फार वाईट वाटलं. मराठीत नीट समजलेलं पोरगं इंग्लिशमध्ये अडत नाही, अडतं ते नुसतं पाठ केलेलं. फक्त एकदा तिलाच विचार दादा, यंत्रांचीच आवड आहे की पुढे संशोधन, बीएस्सी असं काही डोक्यात आहे, कारण मग अकरावी सायन्सच बरी. आणि तिला चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेत घेऊन जा, १९६६ पासून मराठीतून विज्ञानाचंच काम करतात, तिथल्या एखाद्या व्याख्यानाला तिला बसू दे.

ट्रॉम्बेची_मी
पैशाचं बघा. एआयसीटीई, म्हणजे केंद्राची तंत्रशिक्षण परिषद, तिची प्रगती स्कॉलरशिप फक्त मुलींना, डिप्लोमाला पण चालते, वर्षाला ५०,०००, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. डिग्रीला गेली तर २०२४ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, तिथेही ८ लाखांचीच अट, पण अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यात चुकूनही घेऊ नका.
माझा डिप्लोमा ६८ टक्क्यांनी झाला, नंतर बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्र) स्टायपेंडरी ट्रेनीची जाहिरात निघाली, डिप्लोमाला ६० टक्के लागतात, ट्रेनिंगमध्येच स्टायपेंड सुरू. अणुशक्तीनगरच्या त्या बसेस रोज दिसतात ना तुम्हाला, त्यातल्या एकीत मी असते.

गोवंडीकर_दादा
सगळं तिला वाचून दाखवलं. बाई, विचारलं मी, यंत्रंच म्हणाली, इलेक्ट्रिकल. वही आणलीये, पहिला शब्द चुंबकत्व लिहिलाय. उद्या उत्पन्नाच्या दाखल्याला जातोय, पप्पांची पगाराची स्लिप नाही मिळत, कॉन्ट्रॅक्टर देत नाही, त्याशिवाय दाखला निघतो का कोणाला माहितीये?