मदत हवी आहे: ग्रीक पद्धतीचे लिंबू-बटाटे वरून करपले, आतून कच्चे

निरफणस | शुक्रवार, सकाळी ९:४०
ग्रीक पद्धतीचे लिंबाचे भाजके बटाटे काल केले (तिकडे 'पतातेस लेमोनातेस' म्हणतात ते). दीड किलो बटाटे वाया. वरून करपले, आतून कच्चे, चव कडवट. ऑलिव्ह तेल, लिंबू, लसूण, ओरेगानो, मीठ सगळं घातलं होतं. २०० डिग्री, एक तास. परवा रविवारी दुपारी आठ माणसं जेवायला आहेत आणि मेनू कळवून झालाय, त्यामुळे 'दुसरं काही करा' हे उत्तर नको. काय चुकलं तेवढं सांगा. घाई आहे.

सुकीमिरची | ९:५२
ओटीजी (ओट्यावरचा छोटा ओव्हन) की मोठा ओव्हन? किती लिटरचा? ट्रे वरच्या खाचेत होता की मधल्या? फोडी केवढ्या? लिंबं किती? पाणी किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही. नुसत्या २०० डिग्रीवरून काय सांगणार?

आंबोळी | ९:५८
ओव्हन सोडा, एअर फ्रायर वापरा. १८० वर २० मिनिटं, मधे एकदा हलवायचे. करपत नाहीत, तेलही दोन चमचेच लागतं.

गुंजपाला | १०:०५
आंबोळी, ते भाजलेले बटाटे झाले, हे नव्हेत. या पदार्थात बटाटा तेल-लिंबू-पाण्याच्या रसात बसून तो रस पितो. रस आटला की खाली राहिलेल्या तेलात त्याच्या कडा तांबूस होतात. एअर फ्रायरच्या जाळीतून रस खाली गळून जाईल. आणि दोन चमचे तेलात हा पदार्थ होतच नाही, किलोला किमान ८० मिली तेल लागतं.

तळकोकणी | १०:११
ट्रे कसलो हा ता आदी सांगा. ओटीजीवांगडा येता तो ॲल्युमिनियमचो ट्रे आसलो तर तेच्यात लिंबू घालू नकात. धातूची चव उतरता आणि ट्रेक बारीक खड्डे पडतत.

निरफणस | १०:२०
ओटीजी, १९ लिटर. ट्रे त्याच्यासोबत आलेला, म्हणजे ॲल्युमिनियमचाच असणार. वरच्या खाचेत ठेवला, दोन्ही रॉड चालू. बटाटे दीड किलो, एका बटाट्याच्या चार फोडी. आठ लिंबांचा रस, पिळलेली सालंही ट्रेमध्येच टाकली कारण फोटोत तशीच दिसतात. लसणाची पेस्ट. पाणी अजिबात नाही, भाजायचे आहेत ना? पाण्याने लिबलिबीत होतील म्हणून घातलं नाही.

सुकीमिरची | १०:२४
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. उत्तर यातच आहे.

खाडीकाठ | १०:५१
निरफणसताई, तुमचे तीन त्रास आहेत आणि तिघांची कारणं वेगळी आहेत.

आतून कच्चे: बटाट्याच्या पेशींना धरून ठेवतं ते पेक्टिन. आंबट पाण्यात ते सहज सुटत नाही, म्हणून आंबटात बटाटा मऊ व्हायला फार वेळ घेतो. आपल्याकडे बटाट्याच्या रश्शात आमसूल बटाटा शिजल्यावर घालतात, डाळ शिजल्यावरच चिंच घालतात, त्यामागे हेच आहे. तुम्ही आठ कागदी लिंबांचा निव्वळ रस कच्च्या फोडींवर ओतलात, तोही पाण्याशिवाय. मध्यम कागदी लिंबाचा रस १५ ते २० मिली निघतो, म्हणजे १२० मिलीच्या वर आंबट गेलं. ग्रीसमधलं पिवळं लिंबू मोठं असतं, एकातच ४०–५० मिली रस येतो. शिवाय आपलं कागदी लिंबू त्याच्यापेक्षा थोडं जास्तच आंबट. त्यामुळे 'चार लिंबं' वाचून चार कागदी लिंबं घेणं जसं चुकतं तसं सरसकट दुप्पट घेणंही चुकतं. मिली मोजा.

वरून करपले: १९ लिटरच्या ओटीजीत वरच्या खाचेतला ट्रे रॉडपासून चार-पाच बोटांवर येतो. तिथे बटाटा भाजत नाही, थेट रॉडच्या धगीने जळतो. पाणी असतं तर ते उडेपर्यंत फोडींचा पृष्ठभाग शंभर डिग्रीच्या फार वर गेला नसता. पाणी बटाटा शिजवतं आणि करपण्यापासून राखतंही.

कडवट: पेस्ट केलेला लसूण पहिल्या पंधरा मिनिटांतच जळतो. त्यात सालीचा पांढरा भाग आणि बिया तासभर तापल्या की कडूपणा सोडतात. फोटोतली लिंबं बहुतेक शेवटी ठेवलेली असतात. आणि तळकोकणी म्हणतात ते ट्रेचं खरं आहे.

केवडा७ | ११:०२
हे उपासाला चालतील का? लसूण काढला तर?

गुंजपाला | ११:०९
खाडीकाठ, कारणं पटली. पण आता तुम्ही 'आधी उकडून घ्या' म्हणणार, त्याला माझा विरोध आहे. उकडलेला बटाटा आधीच साध्या पाण्याने भरलेला असतो, लिंबू त्याच्या आत शिरत नाही, फक्त वर लागतं. मूळ पद्धत कच्च्या फोडींचीच आहे. एक किलो बटाटे, १०० मिली तेल, ६० मिली रस, ३०० मिली गरम पाणी. ट्रेमध्ये फोडी अर्ध्या बुडाल्या पाहिजेत. पाणी भरपूर असलं की आंबट पातळ होतं आणि बटाटा शिजतो. २०० वर सव्वा ते दीड तास. त्याला घाई चालत नाही.

खाडीकाठ | ११:१८
मोठ्या ओव्हनमध्ये तुमची पद्धत बरोबर आहे आणि चवीला तीच सरस. पण १९ लिटरमध्ये दीड किलो एका थरात मावत नाही. दोन खेपा दीड-दीड तासाच्या, वर ओव्हन तापवायचा वेळ. रविवारी जेवायला चार वाजतील. त्यात पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा दाब कमी-जास्त होतो, नॉब २०० वर असला तरी आत १७० असू शकतं. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्यावा.

मधला मार्ग असा: फोडी गार मिठाच्या पाण्यात टाकून उकळी आल्यावर फक्त ६ मिनिटं. सुरी एक सेंटिमीटर जाऊन अडली पाहिजे. निथळून चाळणीत ५ मिनिटं वाफ जाऊ द्यायची, म्हणजे बाहेरचं पाणी उडतं आणि ती जागा रस घेतो. पूर्ण उकडायचे नाहीत, त्याबाबत गुंजपाला यांच्याशी सहमत.

बांगडातवा | ११:२५
सोबत मासा काय करणार? याच ट्रेमध्ये शेवटची १५ मिनिटं सुरमईच्या तुकड्या ठेवल्या तर छान होतात. बांगडा नको, त्याचं तेल सुटतं आणि सगळ्या बटाट्यांना वास लागतो.

निरफणस | ११:३०
मासा वेगळा आहे, बटाट्यांचं बोला. ८ माणसांसाठी नक्की मापं द्या. आणि भांडं कुठलं? घरात काचेचं चौकोनी आहे, स्टीलचं पसरट ताट आहे, लोखंडी तवा आहे.

खाडीकाठ | ११:५४
काचेचं, ओव्हनला चालणारं असेल तर तेच. लोखंडी तवा नको, आंबटाने रस काळा पडतो. एक धोका लक्षात ठेवा: तापलेल्या काचेत गार पाणी ओतलंत तर तडकेल. मधे पाणी वाढवायचं झालं तर उकळतंच, तेही बाजूने. काच बाहेर काढली की ओल्या ओट्यावर न ठेवता सुक्या फडक्यावर ठेवायची.

एका खेपेचं माप, ७५० ग्रॅम बटाटे (सोलून), अशा दोन खेपा:
ऑलिव्ह तेल ७५ मिली, लिंबाचा रस ४५ मिली, त्यातला ३० आधी आणि १५ शेवटी. गरम पाणी १५० मिली, कोंबडीचं किंवा भाज्यांचं सूप असेल तर पाण्याऐवजी तेच. बारीक मीठ सव्वा चहाचा चमचा, उकळताना घातलेलं धरून नाही. सुका ओरेगानो १ चमचा, तळहातावर चोळून. लसणाच्या ७–८ पाकळ्या, नुसत्या दाबलेल्या, फोडींच्या खाली सारायच्या. मिरपूड. बटाटा लांबीत कापून सहा फोडी, मोठा असेल तर आठ.

ओव्हन १५ मिनिटं आधी तापवायचा. खालची खाच. पहिली २५ मिनिटं झाकून, मग झाकण काढून फोडी उलटायच्या, पुढे ३० ते ३५ मिनिटं. झाकायला फॉइल वापरलीत तर ती रसाला लागू देऊ नका, लिंबाने तिला भोकं पडतात. आधी बेकिंग पेपर, वर फॉइल. वरचा रॉड फक्त शेवटच्या ८–१० मिनिटांत. उरलेला रस बाहेर काढायच्या पाच मिनिटं आधी.

झालं कधी समजायचं? ट्रे तिरका केला की पाणी वाहत नाही, फक्त तेल सरकतं.

माडबन | दुपारी १२:१५
ऑलिव्ह तेलाचा खर्च कशाला? आपलं घाण्याचं खोबरेल चांगलं.

गुंजपाला | १२:२१
खर्चाचा प्रश्न नाही माडबन, चवीचा आहे. लिंबू आणि ओरेगानोवर खोबरेलाचा वास बसला की पदार्थ वेगळाच होतो. परवडत नसेल तर अर्धं ऑलिव्ह, अर्धं शेंगदाण्याचं रिफाइंड. बाजारात 'पोमेस' लिहिलेलं स्वस्त ऑलिव्ह तेल मिळतं, त्याला वास जवळजवळ नसतो. ते भाजायला घ्या आणि वरून चमचाभर एक्स्ट्रा व्हर्जिन सोडा.

सुकीमिरची | १२:४०
बटाटा कुठला घेतलाय ते अजून कुणी विचारलं नाही. सालीवर नख ओढलं की साल निघते तो नवा बटाटा पाणचट असतो, फोड अखंड राहते पण रस कमी पितो. जुना, जाड सालीचा बटाटा पिठूळ, तो या कामाला चांगला. पण शीतगृहातला नको. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तो शिजण्याआधीच तपकिरी होतो. चाखून गोडसर लागला तर ओळखा. करपण्यात याचाही हात असू शकतो.

निरफणस | १२:४८
बाजारातून आणलेले, साल जाड होती. गोड होते की नाही ते बघितलं नाही. फ्रिजमध्ये चार दिवस ठेवले होते.

सुकीमिरची | १२:५०
फ्रिजमध्ये बटाटे ठेवू नका. परडीत, हवेशीर, अंधारात. कांद्यापासून लांब.

पाणओहोळ | १:०४
ओरेगानो नसला तर कुंडीतली ओव्याची पानं घाला (जाड, लवदार, भजी करतो ती). वास जवळपास तोच आहे, दोन्हींत कार्व्हाक्रोल हे एकच सुगंधी द्रव्य असतं.

गुंजपाला | १:१०
जवळपास, तोच नाही. ती पानं रसाळ आणि उग्र, तासभर ओव्हनमध्ये काळी पडतात. घालायचीच तर दोनच, बारीक चिरून, बाहेर काढल्यावर. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्यांतला ओरेगानो बऱ्याचदा जुना असतो, चोळल्यावर वास आला नाही तर टाकून द्या.

रातांबा | १:३२
विषय निघालाच आहे तर. बटाटा कोकणात पोर्तुगीजांबरोबर आला, 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. ग्रीसमध्ये तो रुजवण्याचं श्रेय इओआनिस कापोदिस्त्रिआस यांना देतात. १८२८ मध्ये ते तिथले पहिले राज्यप्रमुख म्हणून आले. लोक बटाट्याला हात लावेनात म्हणून त्यांनी ढिगाभोवती पहारा बसवला आणि पहारेकऱ्यांना चोरीकडे काणाडोळा करायला सांगितलं, अशी तिकडची दंतकथा आहे. आज नाक्सोस बेटाचा बटाटा तिथे नावाजलेला. आणि घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा रविवारचा ट्रे गल्लीतल्या पाववाल्याच्या भट्टीत पाठवायचे. आपल्याकडेही लाकडाच्या भट्टीची बेकरी जवळ असेल तर पाव काढल्यावर विचारून बघा. दीड किलो एकाच ट्रेमध्ये होईल.

खाडीकाठ | १:४५
सूचना उत्तम, पण पाव निघाल्यावर भट्टी उतरत्या धगीवर असते. तिथे गुंजपाला यांची कच्च्या फोडींची पद्धत वापरा, पाणी किलोला २५० मिली, आणि दोन तास धरा. ट्रे स्टीलचा. बेकरीतले काळे पत्रे लिंबाने गंजतात.

केवडा७ | २:१०
उपासाचं कुणी सांगितलं नाही.

पाणओहोळ | २:१६
लसूण आणि ओरेगानो वगळा, शेंगदाण्याचं तेल, जिरं, सैंधव, हिरवी मिरची. रसाचं आणि पाण्याचं माप तेच. तुमच्या घरी उपासाला लिंबू चालतं का ते बघा.

निरफणस | शनिवार, संध्याकाळी ७:२०
खाडीकाठ यांच्या मापाने एक खेप केली. आतून शिजले, कडूपणा गेला, लिंबू आतपर्यंत लागतं. पण ५५ मिनिटांनंतरही तळाशी पाणी आहे आणि कडा पांढऱ्या. उद्या दोन खेपा, पहिली गार होणार. काय करू?

खाडीकाठ | ७:३१
काढू नका, झाकण न ठेवता आणखी १५ मिनिटं. पाणी खूपच असेल तर डावाने निम्मं काढून घ्या, टाकू नका, गॅसवर चमच्याभरावर आटवून परत वरून घाला, त्यात लिंबू आणि मीठ आहे. दार सारखं उघडत असाल तर तेही थांबवा, छोट्या ओटीजीत प्रत्येक वेळी आतली धग बरीच उतरते.

उद्या पहिली खेप पाणी आटेपर्यंतच करा, रंग आणू नका, शेवटचा रसही राखून ठेवा. ती उघडीच राहू दे, झाकलीत तर वाफेने मऊ पडेल. दुसरी पूर्ण झाली की पहिली स्टीलच्या ताटात पसरून मधल्या खाचेत, वरचा रॉड चालू, १० मिनिटं. मग राखलेला रस. साडेबाराला वाढायचं असेल तर फोडी सव्वानऊला गॅसवर चढल्या पाहिजेत.

गुंजपाला | ७:४४
आणि सोबत दही टांगून ठेवा आत्ताच. सकाळी चक्क्यात किसून घट्ट पिळलेली काकडी, लसूण, मीठ, थोडं तेल. काकडी पिळली नाही तर दहा मिनिटांत पाणी सुटतं.

निरफणस | ८:२५
१५ मिनिटांनी कडा आल्या. दही टांगलं.