सम्पच्या (पाणी जमायच्या खड्ड्याच्या) पंपाला पाइप कोणता लावू, निळा लपेटा (रिकामा असला की चपटा होणारा) की हिरवा सक्शनवाला?

नमस्कार मंडळी, पाऊस डोक्यावर आहे, लवकर सांगाल तर बरं होईल. समोरचा रोड सिमेंटचा झाला तेव्हापासून रोड वर अन् आमचं पार्किंग खाली, जोराचा पाऊस आला की गेटमधून पाणी आत. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या लोकांचे जे हाल झाले तसं आमच्याकडे नाही झालं, पण गाडीची चाकं बुडतात इतकं तर येतेच. म्हणून कोपऱ्यात खड्डा करून त्यात अर्ध्या एचपीचा सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा पंप) सोडला, फ्लोटवाला, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू होणारा, आउटलेट दीड इंची.

प्लंबरने त्याला रेड्युसर टाकून पाऊण इंची बागेचा पाइप जोडून दिला. पंप घूं घूं करून राहिला अन् तिकडून पाणी लहान पोराने सू केल्यासारखं. आता म्हणते पंपच कमजोर आहे, एक एचपीचा घ्या. मला काही पटलं नाही बा.

खड्ड्यातून कंपाउंडच्या भिंतीवर चढायला 7 फूट, मग आडवं 40 फूट पावसाळी नालीपर्यंत, मधात गेट. इतवारीत दुकानदाराने हे दोन पाइप दाखवले. लपेटा स्वस्त आहे, गुंडाळून ठेवता येते, पण भिंतीवर वळला की तिथेच चपटा होईल नं? हिरवा वळते पण जड लागला. कोणी वापरला आहे का?

उत्तर १
भाऊ, एचपीच्या नादी लागू नका. पाइपाचा व्यास निम्मा केला की तेवढंच पाणी ढकलायला घर्षण जवळपास 30 पट होते, पंप बिचारा काय करणार. आउटलेट दीड इंची तर पाइपही दीड इंची, मोठा चालेल, लहान नाही.

हिरव्यातली ती कडक वेटोळी व्हॅक्यूममध्ये पाइप पिचकू नये म्हणून असते, तो ओढायच्या बाजूचा. तुमचा पंप पाण्यातच बसला आहे, त्याला फक्त ढकलायचं आहे. तरी लपेटा उभा चढवू नका, साधा पीव्हीसी पाइप भिंतीच्या वर न्या, एल्बो देऊन तोंड बाहेरच्या बाजूने खाली करा, अन् लपेटा खाली आडवा जिथे सुरू होते तिथे निप्पलवर बसवा. सरळ लोळायच्या कामात तो पक्का. क्लिपा दोन, स्टीलच्या.

उत्तर २
एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, राहिला की. नाही लावला तर पंप बंद झाल्यावर उभ्या पाइपातलं पाणी परत खड्ड्यात, फ्लोट उचलला जाते, पंप पुन्हा चालू, रात्रभर तोच तमाशा. आणि एनआरव्हीच्या खाली, खड्ड्याच्या आतल्या भागात, पाइपाला 3 एमएमचं भोक पाडा म्हणजे हवा अडकून पंप कोरडा घरघरत नाही. त्यातून बारीक चिळकांडी उडेल, ती उडू द्या. पंपाच्या लाइनला आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे नं? पाणी अन् वायर एकाच खड्ड्यात आहे, ते आधी पहा.

धागाकर्ता
आरसीसीबी आहे दादा, 30 एमएचा. एल्बोचं डोक्यातच नव्हतं आलं. गेटवरून गाडी जाते, लपेट्याचं काय करू?

उत्तर १
पाणी चालू असताना चाक गेलं तर क्लिपातून निसटते नाहीतर फाटते. गेटखाली 3 इंची पीव्हीसीचा तुकडा पुरा अन् लपेटा त्यातून ओढून घ्या. पावसाळा संपला की वाळवून आत ठेवा, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन कोणताच प्लास्टिक पाइप सोडत नाही, अन् उंदरापासूनही जपा.