मागचे शॉकअप घरी बदलायचे आहेत, बीमला आधार कुठे आणि शेवटचा पाना कधी?

रामबागकर

नमस्कार मंडळी. पाच दारांची पेट्रोल हॅचबॅक, २०१५ चं मॉडेल, ८८ हजार किलोमीटर. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा, पिळला जाणारा आडवा लोखंडी भाग) आणि ड्रम ब्रेक, स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. शॉकअपचं वरचं टोक डिकीतल्या बाजूच्या पॅनेलमागे एका नटावर आहे, खालचं टोक आडव्या बोल्टने बीमला.

डाव्या शॉकअपचं तेल नळीवरून ओघळून खालच्या बुशपर्यंत (टोकाच्या जोडातलं रबर) आलंय, उजवा कोरडा आहे. स्पीडब्रेकर उतरल्यावर मागची बाजू दोन-तीनदा हेलकावते. खंडवा रोडने भेरूघाट उतरताना चार माणसं आणि सामान असलं की वळणावर गाडी मागून तरंगते.

अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत, खाली आपली काळी माती. सध्या फक्त गाडीसोबत आलेला कात्रीचा जॅक आहे, बाकी सामान घ्यायची तयारी आहे. एकच शॉकअप बदलला तर चालेल का? स्प्रिंग दाबायचं अवजार लागेल का? आणि बोल्ट काढल्यावर बीम खाली पडू नये म्हणून आधार नेमका कुठे द्यायचा?

सियागंज_पाना

जोडीनेच बदला. ८८ हजार किलोमीटर चाललेला उजवा शॉकअप बाहेरून कोरडा दिसला तरी आतून सैल झालेला असतो. एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना ठेवला तर तोच खड्डा दोन चाकं वेगवेगळी झेलतात, आणि घाटात ब्रेक मारताना गाडी तिरकी ओढली जाते.

स्प्रिंग दाबायचं अवजार तुम्हाला लागत नाही, कारण तुमची स्प्रिंग शॉकअपवर चढवलेली नाही. ज्यांच्या गाडीत दोन्ही एकत्र आहेत त्यांनी हा धागा वाचून घरी हात घालू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते.

सामानात दोन शॉकअप, दोन बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला गेल्यावर धक्का झेलणारे ठोकळे), दोन डस्ट कव्हर, वरच्या रबरी बुशांचा आणि वाट्यांच्या वॉशरांचा संच, दोन नवे लॉक नट घ्या. खालचे बोल्ट गंजलेले दिसत असतील तर तेही नवे, त्याच ग्रेडचे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं, दुकानात जुना बोल्ट दाखवून जुळवा. बंप स्टॉपवर पैसे वाचवू नका. जुन्याचा भुगा झालेला असेल तर भरलेल्या गाडीत नव्या शॉकअपचा पिस्टन तळावर आपटतो आणि तो वर्षभरात गळायला लागतो.

कात्रीचा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता. दोन टनी ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, अर्ध्या इंचाचा लांब दांडा, १२ ते १९ मिमीच्या गोट्या (सॉकेट) आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना), एवढं आपल्या इंदूरच्या सियागंज बाजारात एका फेरीत मिळतं. पेव्हर ब्लॉकखाली काळी माती म्हणजे एका स्टँडच्या चार पायांचा भार दोन ब्लॉकवर येऊन ते खचणार. प्रत्येक स्टँडखाली १८ मिमी प्लायचा फूटभर चौकोन टाका. पावसानंतर माती फुगलेली असताना हे काम घेऊच नका.

आता क्रम. गाडी चाकांवर सपाट उभी असतानाच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजून लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. डिकीतला वरचा नट याच वेळी एक-दोन आटे सैल करा, काढू नका. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. ती हवेत गेली की त्याचा उपयोग शून्य.

मागची बाजू उचलून स्टँड बॉडीच्या ठरलेल्या जॅक पॉइंटखाली लावा, बीमखाली नाही. चाकं काढा आणि काढलेलं चाक सिलखाली (दाराखालच्या कडेखाली) आडवं सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर बसेल.

तुमचा मुख्य प्रश्न आधाराचा. चाक लोंबकळत असतं तेव्हा बीमला आणखी खाली जाण्यापासून शॉकअपच अडवतो. तो सोडला की बीम खाली येतो, ब्रेकची रबरी नळी आणि ए.बी.एस.ची वायर ताणली जाते, स्प्रिंग बैठकीतून निसटते. म्हणून ज्या बाजूचं काम चाललंय त्या बाजूच्या स्प्रिंगच्या खालच्या बैठकीखाली ट्रॉली जॅक लावा, मध्ये लाकडाचा तुकडा घाला. बीमच्या मधल्या पातळ भागाखाली जॅक नको, तो भाग पिळला जाण्यासाठी बनवलेला असतो आणि वाकतो. जॅक एक-दोन सेंटिमीटरच वर घ्या. नट काढल्यावर बोल्ट हाताने फिरू लागला की उंची बरोबर आहे. ठोकावा लागत असेल तर हातोडी बाजूला ठेवा आणि जॅक थोडा वर-खाली करून पाहा, बोल्टवर अजून भार आहे.

एक बाजू पूर्ण करा, मगच दुसरी.

नारायणबाग_गॅरेज

वर सांगितलेलं सगळं बरोबर. जिथे लोक खरे अडकतात त्या दोन जागांबद्दल थोडं.

पहिली, वरचा नट. नट फिरवला की शॉकअपची दांडीही सोबत फिरते. दांडीच्या टोकाला चपट्या कडा किंवा ॲलन कीचं छिद्र असतं. ते धरून ठेवायचं आणि नट वाकड्या रिंग पान्याने फिरवायचा. नव्या शॉकअपची चकचकीत दांडी पकडीने कधीही धरू नका. क्रोमवर उठलेला एक ओरखडा दर धक्क्याला तेलाच्या सीलवरून घासत जातो आणि तो शॉकअप थोड्याच दिवसांत गळतो. इंपॅक्ट गनही इथे नको, दांडी गरगर फिरून आतल्या पिस्टनचा नट सैल होऊ शकतो.

दुसरी, खालचा बोल्ट. तो बुशमधल्या लोखंडी नळीतून जातो आणि गंजाने त्या नळीलाच चिकटतो. आदल्या रात्री वायर ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी परत मारा. बोल्ट फिरतो पण बाहेर येत नाही, असं झालं तर पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, मध्ये तेल, असं अर्धा तास धीराने करा. बीमला वेल्ड केलेल्या नटात बोल्ट जात असेल तर जास्तच जपा. तो नट वेल्डमधून सुटला तर दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

राऊ_सर्कल

इतका वेळ कशाला घालवायचा? गॅसच्या टॉर्चने बोल्ट लाल करा, लगेच सुटतो.

नारायणबाग_गॅरेज

त्या जागी आच अजिबात नको. बुश रबराचा आहे, बाजूला ब्रेकची नळी आहे, आणि बहुतेक हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते. शिवाय गॅस भरलेला शॉकअप तापला की आतला दाब वाढतो. बोल्ट सुटतच नसेल तर बुश आणि ब्रॅकेट यांच्या फटीत करवतीचं पातं घालून तो कापा. शॉकअप तसाही जाणारच आहे, म्हणून बुशच्या बाजूने कापायचं, ब्रॅकेटला धक्का लावायचा नाही. ग्राइंडरच्या ठिणग्याही टाकीकडे उडतात, त्यामुळे हाताची करवतच बरी.

रामबागकर

मनापासून आभार. दोन शंका. नवा शॉकअप बसवण्याआधी काही करावं लागतं का? आणि खालचा बोल्ट पूर्ण भाराच्या उंचीवर आवळायचा असं वाचलं, पण चाक काढलेलं असताना ती उंची आणायची कशी?

सियागंज_पाना

नवा शॉकअप आडवा पडून आलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरलेली असते. दांडी वर ठेवून उभा धरा, सावकाश पूर्ण दाबा, पूर्ण उघडा, असं पाच-सहा वेळा. पहिल्या एक-दोन वेळा मधेच पोकळ झटका लागतो, तो जाऊन सगळीकडे सारखा जोर लागला की हवा निघाली. मग बसवेपर्यंत आडवा ठेवू नका. गॅसवाला असेल तर पट्टी कापताच आपोआप लांब होतो, तोंड दूर ठेवा. बंप स्टॉप, डस्ट कव्हर, वाटी आणि वरच्या जोडातला खालचा बुश दांडीवर चढवून मगच शॉकअप वर घाला, जुन्याचा फोटो समोर ठेवा. वाटीचा खोलगट भाग नेहमी रबराकडे. वरचा नट रबर पिचकेपर्यंत आवळायचा नाही. दांडीला पायरी असेल तर वाटी तिथे टेकेपर्यंत, नसेल तर जुन्या नटाबाहेर जेवढे आटे दिसत होते तेवढेच. म्हणून ते आटे नट सैल करण्याआधीच मोजायचे.

दुसरी शंका महत्त्वाची. खालच्या बुशचं रबर आतल्या नळीला घट्ट चिकटवलेलं असतं आणि बोल्ट आवळला की ती नळी ब्रॅकेटमध्ये जखडते. चाक लोंबकळताना आवळलात तर गाडी खाली येताच रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि काही महिन्यांत फाटतं. नवे शॉकअप घालूनही खटखट येते ती पुष्कळदा यामुळेच.

जॅकने बीम वर नेऊन मोजलेली उंची आणता येते, पण त्यात धोका आहे. त्या उंचीला स्प्रिंगवर त्या कोपऱ्याचं पूर्ण वजन येतं, म्हणजे स्टँडवरचा भार जवळजवळ संपलेला असतो आणि गाडी स्टँडवरून उचलली जाते. त्यापेक्षा बोल्ट हाताने टेकवा, चाकं बसवा, गाडी खाली उतरवा. पाचर काढून मागची चाकं दोन-दोन इंच जाडीच्या रुंद फळ्यांवर रिव्हर्सने हळू चढवा, पुन्हा पाचर लावा, टेपने अंतर तपासा आणि तिथे आवळा. गाडीचं वजन चाकांवर असल्यामुळे बाजूने हात घालणंही निर्धास्त.

टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर आट्यांना ग्रीस लावू नका, ग्रीस असलं की त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. गंजासाठी लावायचं तर बोल्टच्या गुळगुळीत भागावर पातळ थर द्या.

नारायणबाग_गॅरेज

चाक काढलेलं असतानाच स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा हात फिरवून बघा. तिथे चिखल साठून गंजतो आणि टोक तुटतं, बाहेरून दिसत नाही. स्प्रिंगखालचं रबर फाटलेलं असेल तर त्याच वेळी बदला. टायरवर हात फिरवल्यावर उंचसखल लागत असेल तर नवे शॉकअप घातल्यावरही थोडी घरघर राहील, ती टायरची आहे.

व्हील अलाइनमेंटची गरज नाही, टॉर्शन बीममध्ये मागच्या चाकांचा कोन शॉकअपवर अवलंबून नसतो. काम झाल्यावर राऊपर्यंत सावकाश जाऊन या, परत आल्यावर चाकांचे नट आडव्या क्रमाने आणि वरचे दोन्ही नट तपासा. नळीवर तेलाचा नुसता ओलसर पापुद्रा दिसला तर घाबरू नका, दांडीसोबत तेवढं तेल बाहेर येतंच. थेंब खाली ओघळला तरच शॉकअप परत करा, बिल जपून ठेवा. जुने भंगारात देताना गॅसवाले आहेत हे सांगा, ते न कळता कापले तर इजा होते.