आंबा विकून झाला की आईबाबांची पॉलिसी काढायचीय, कुठली घेऊ?

देवगडचो_कलमवालो:
नमस्कार मंडळी. आमची देवगडला कलमांची बाग, नोकरी कोणालाच नाही त्यामुळे ऑफिसची मेडिक्लेम वगैरे काही नाही. बाबा 62, शुगरच्या गोळ्या चालू आहेत, आई 57, तिला काही नाही. एजंट म्हणतोय 3 लाखाची घ्या, हप्ता कमी बसेल, आणि शुगरचं फॉर्मवर लिहूच नका. मला हे काही पटत नाहीये. पैसे वर्षातून एकदाच हातात येतात, मे-जूनला, तेव्हाच काय ते भरणार. हप्ता परवडेल आणि वेळेला उपयोगी पडेल असं काय घ्यावं?

रत्नागिरी_ताई:
शुगर लिहायचीच, त्यात दुसरा विचारच नको. 2024 च्या नियमाप्रमाणे आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त 3 वर्षं थांबायला लागतं, मग तो कव्हर होतो. लपवलं तर ॲडमिट करताना डॉक्टर विचारणारच "शुगर किती वर्षांची?" आणि घरचं कोणीतरी खरं सांगणारच, ते केसपेपरवर लिहिलं जातं आणि तोच कागद कंपनीकडे जातो. क्लेमही गेला आणि पॉलिसीही. लपवायला सांगणारा एजंट त्या दिवशी फोनसुद्धा उचलणार नाही, दुसरा बघा.

घाटावरून_खाली:
3 लाखाच्या पॉलिसीत आधी रूमचं भाडं बघ रे. आमच्या काकांची तशीच होती, रूमला रोज पॉलिसीच्या रकमेच्या 1 टक्का म्हणजे 3000 पर्यंतच. कोल्हापूरला नेलं, जनरल वॉर्ड फुल्ल म्हणून 6000 ची रूम घेतली, आम्हाला वाटलं वरचे 3000 आपण भरू. पण बिल आलं तेव्हा सर्जनची फी, ओटीचा चार्ज, व्हिजिट, सगळंच निम्मं कापलेलं, कारण रूम दुप्पट भाड्याची होती. फक्त औषधं आणि तपासण्यांना ती कात्री लागली नाही. तेव्हा "रूम रेंट लिमिट नाही" किंवा निदान "सिंगल प्रायव्हेट रूम" असं लिहिलेली घे, हप्ता थोडा जास्त गेला तरी चालेल.

सावंतवाडीकर:
वरच्याला पूर्ण अनुमोदन. अजून एक, जे आपल्याकडे कोणी विचारतच नाही. जरा मोठं काही झालं की आपण गोवा, कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठतो. काही कंपन्या गावच्या पत्त्यावर हप्ता कमी लावतात पण मुंबईत उपचार घेतले की बिलाचे काही टक्के आपल्यावर टाकतात, झोन को-पेमेंट म्हणतात त्याला. मुलगा, बहीण कोणी मुंबईला असेल तर तुम्ही तिकडेच नेणार ना? मग हे आधी विचारा, आणि या तिन्ही ठिकाणची कॅशलेस हॉस्पिटलं (जिथे बिल कंपनी थेट भरते) यादीत स्वतः शोधा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

बजेटसाठी 5 लाखाची बेस पॉलिसी आणि त्यावर 5 लाख डिडक्टिबलची सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे पहिल्या 5 लाखांच्या वरचं बिल ती देते. नुसती टॉप-अप नको, ती एकेका ॲडमिशनचं बिल वेगळं धरते, सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरते. शुगरवाल्या माणसाला वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागलं तर हा फरक फार मोठा आहे.

रत्नागिरी_ताई:
आणि महात्मा फुले योजना विसरू नका हं, सरकारची आहे, रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार. योजनेतलं हॉस्पिटल आणि यादीतला आजारच लागतो, म्हणून तिच्यावरच विसंबू नका, पण कागदपत्रं आत्ताच तयार ठेवा.

देवगडचो_कलमवालो:
खूप आभार सगळ्यांचे, एजंट बदलतोय. दोघांची एकत्र घेऊ की वेगळी?

सावंतवाडीकर:
दोन्ही कोटेशन मागवा. एकत्र घेतली तर हप्ता मोठ्याच्या म्हणजे बाबांच्या वयावर ठरतो आणि 5 लाखात दोघं, वेगळी घेतली तर आईला तिचे पूर्ण 5 लाख. कोटेशनवर 18 टक्के जीएसटी दिसला तर ते जुनं आहे, 22 सप्टेंबर 2025 पासून घरच्या मेडिक्लेमला जीएसटी शून्य आहे. आणि पॉलिसी जूनमध्येच सुरू करा म्हणजे रिन्यूअलही दरवर्षी आंब्याचे पैसे आल्यावरच येईल.