अनुभव धागा : तपासणीच्या टेबलावर चढण्याआधी

मागे कधी अत्याचार, मारहाण, मोठा अपघात किंवा वाईट बाळंतपण सोसलेल्या माणसाला साधा ईसीजीसुद्धा जड जातो. नाशिकमधल्या ज्यांना यातलं कळतं त्यांनी इथे लिहावं. हकीकती नकोत, हाताशी उपयोगी पडेल ते नेमकं लिहा.

समुपदेशक, इंदिरानगर

बोलायचं ते कपडे अंगावर असताना, खुर्चीत बसूनच बोलून घ्या. आडवं झाल्यावर अंग गोठतं, आवाज फुटत नाही. पंचाईत अशी की गोठलेला पेशंट बाहेरून अगदी शांत दिसतो आणि डॉक्टरांना वाटतं, छान सहकार्य चाललंय. त्यामुळे ‘दुखलं तर सांगा’ याचा काही उपयोग नसतो. हात वर करायची खूणही कधीकधी फसते, कारण हातच उचलत नाही. त्यापेक्षा उलटं ठरवा: प्रत्येक टप्प्याआधी डॉक्टरांनी ‘पुढे जाऊ?’ विचारायचं, आणि उत्तर आलं नाही तर ते ‘नाही’ धरायचं.

वाक्य पाठ करून जा, किंवा चिठ्ठीवर लिहून द्या: ‘मला पूर्वी त्रास झालेला आहे, तपशील सांगायचा नाही. प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा आणि विचारा.’ एवढं पुरतं.

स्त्रीरोग ओपीडीतली सिस्टर, नाशिकरोड

आतून, म्हणजे योनीमार्गातून होणाऱ्या तपासणीबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त बायका इथेच अडतात.

‘अंग सैल सोडा’ हे वाक्य आम्ही दिवसातून पन्नासदा म्हणतो, आणि काहीजणींच्या कानावर ते पूर्वी भलत्याच तोंडून पडलेलं असतं. शिवाय स्नायू आवळतात ते आपोआप, सांगून सुटत नाहीत. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून बघायचं चोचीसारखं साधन) आत जाताना हलकंसं खोकायचं किंवा शौचाला बसल्यासारखा किंचित जोर खाली द्यायचा, की तेच स्नायू सुटतात. आवळलेल्या अवस्थेत रेटलं तर दुखतं, रक्त येतं, पॅप स्मिअरचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा) नमुना अपुरा निघतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

स्पेक्युलम लहान मापाचा मागा. स्टीलचा असेल तर कोमट पाण्यातून काढून घ्यायला सांगा. प्लॅस्टिकचा उघडताना कट-कट-कट असा मोठा आवाज होतो. काही तुटलं की काय, असं वाटून बाई दचकते, म्हणून तो आवाज आधी ऐकवून घ्या. स्वतःच्या हाताने आत सरकवायचा असेल तर तसंही करता येतं. पुढचं डॉक्टर बघतात. पाय रिकिबीत अडकवलेच पाहिजेत असं नाही. टाचा टेबलावर टेकवून चालतं, डाव्या कुशीवर वळूनही तपासता येतं.

कपडे म्हणाल तर सैल, लांब कुर्ता किंवा साडी. फक्त आतला कपडा काढावा लागतो, बाकी अंग झाकलेलं राहतं. ओढणी बरोबर ठेवा, दवाखान्याची चादर कधी अपुरी असते, कधी नसतेच. आणि सरकारी ओपीडीत एका पडद्याआड दोघीदोघींना घेतात. सिस्टरला आधीच सांगून शेवटचा नंबर मागून घ्या, तेव्हा खोली रिकामी असते.

पंचवटीहून

शेवटच्या नंबराबद्दल असहमत. तीन तास बाकावर बसून जीव टांगणीला लागतो, तोवर निम्मी उमेद संपते. कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नरकडच्या खाजगी दवाखान्यांत अपॉइंटमेंट मिळते, तिथे सकाळचा पहिलाच नंबर घ्यावा.

सोनोग्राफी सेंटर, मुंबई नाका

आतून करायच्या सोनोग्राफीला बऱ्याचदा पोटावरून करायचा पर्याय असतो. तासभर आधी साधारण 1 लीटर पाणी प्या, लघवीला जाऊ नका. चित्र थोडं कमी स्पष्ट येतं, म्हणून ‘पोटावरून केल्यास नेमकं काय दिसणार नाही?’ हे डॉक्टरांना विचारा आणि मग ठरवा. आतूनच करायची ठरली तर प्रोब (सोनोग्राफीची दांडी) स्वतः धरून आत घेता येतो.

ईसीजीलाही छाती उघडी करावी लागते. सहा इलेक्ट्रोड छातीवर, चार हातापायांवर. पुढून उघडणारा ब्लाउज किंवा शर्ट घाला, लावून झालं की वरून ओढणी टाका. महिला टेक्निशियन कधी असते ते फोनवरच विचारा.

एमआरआय टेक्निशियन

डोळ्यांवरची पट्टी टेबल आत जाण्याआधी बांधा. आत गेल्यावर डोळे उघडून छत नाकासमोर दिसलं की मन आवरणं कठीण. हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की आम्हाला कळतं. झोपण्याआधी एकदा दाबून बघा. आवाज सलग नसतो, तुकड्यातुकड्यांत येतो. ‘आता चार मिनिटं’, ‘आता दोन’ असं माईकवर सांगा म्हणावं, बहुतेक जण सांगतात. मध्येच हललात तर तेवढाच तुकडा पुन्हा करतात, सगळं नव्हे. मंगळसूत्र, जोडवी, सेफ्टी पिना घरीच काढून या. अंगावरून सगळं उतरवून घेण्याचा तो क्षणच काहींना नको असतो.

दंतवैद्य, गंगापूर रोड

खुर्ची पूर्ण आडवी न करता काम होतं, आम्हाला फक्त थोडं वाकावं लागतं. बहुतेकांना घाबरवतं ते घशात साचणारं पाणी. ते पाणी ओढून घेणारी सक्शनची नळी स्वतःच्या हातात मागा. आणि थांबायची खूण पहिल्याच मिनिटाला, काही दुखत नसताना, एकदा वापरून बघा. डॉक्टर खरंच थांबले तर पुढचं सोपं.

लॅबवाला

रक्त देताना चक्कर येणाऱ्यांना दीर्घ श्वास घ्यायला सांगतात, ते उपयोगाचं नाही. बीपी पडत असतं. पाय, पोट, मोकळा हात 10–15 सेकंद घट्ट आवळा, 20–30 सेकंद सोडा, असं पाच वेळा. सुईचा हात सोडून. आणि झोपूनच द्या.

एक पुरुष, सातपूर

हर्निया आणि प्रोस्टेटच्या तपासणीबद्दल कुणी बोलत नाही. पुरुषांवरही अत्याचार होतात. प्रोस्टेटसाठी आधी पीएसएची (प्रोस्टेटच्या विकाराचा अंदाज देणारी) रक्ततपासणी करून मग गुदद्वारातून बोटाने तपासायचं का ते ठरवू, असं म्हणता येतं. तपासायचंच झालं तर कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. ओणवं उभं राहायची गरज नाही.

वकील

स्त्री रुग्णाला पुरुष डॉक्टर तपासत असतील तर दुसरी स्त्री हजर असणं हा रुग्णहक्काच्या सनदेतला हक्क आहे. ती हजर ठेवणं हे रुग्णालयाचं काम. ताज्या लैंगिक अत्याचारानंतर उपचार मोफत द्यायचे असतात, खाजगी रुग्णालयालाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 397), आणि त्यासाठी एफआयआरची अट नाही. एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. पुराव्याच्या तपासणीला नकार देऊनही उपचार घेता येतात. ‘दोन बोटांची चाचणी’ (योनीमार्गात बोटं घालून बाईला संबंधांची सवय आहे का ते बघणं) सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पुन्हा ठामपणे बेकायदा ठरवली आहे. कुणी करू लागलं तर नकार द्या.

समुपदेशक, इंदिरानगर

राहिलेलं एक. त्रास बऱ्याचदा घरी जाताना चढतो. द्वारका चौकाच्या गर्दीत स्वतः गाडी चालवत जाऊ नका, रिक्षा करा. रात्री अस्वस्थ वाटलं तर टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

सिस्टर, नाशिकरोड

आणि केस पेपरवर लिहून घ्या: ‘विचारून तपासणे, लहान स्पेक्युलम’. ओपीडीत पुढच्या वेळी डॉक्टर बदललेले असतात.