‘सगळीकडे एकच फरसबी’: सरासरी कोणाच्या रानात पिकते?

ढेकूळ:
परवा इथेच एकाने छातीठोकपणे लिहिलं, “चाचण्यांत ज्या वाणाची सरासरी सगळ्यांत जास्त, तोच राज्यभर लावा, बाकीचे मोडीत काढा.” तेव्हापासून डोकं भणभणतंय, म्हणून वेगळा धागा. लांबेल.

समजा, दोन वाण तीन ठिकाणी लावले. पहिला हेक्टरी 140, 90 आणि 40 क्विंटल देतो. दुसरा 95, 85 आणि 75. पहिल्याची सरासरी 90, दुसऱ्याची 85. तुमच्या हिशेबाने पहिला पास. आता ज्याच्या रानात 40 निघाले त्याला जाऊन सांगा, बाबा रे, सरासरीने तू 90 काढलेस!

फरसबीत हे फार बोचतं. फूल उमलायच्या आठ-दहा दिवस आधी, कळी असतानाच, उकाड्याने पराग निकामी होतात. झाड हिरवंगार, फुलं भरपूर, शेंग नाही. सासवडच्या थंडीत हे कळतही नाही, मराठवाड्यात मार्चात कळतं. एकाच केंद्रावर एकाच हंगामात निवड केली तर पैदासकाराच्या हाती वाण लागत नाही, त्या वर्षीची हवा लागते. 1966 साली एबरहार्ट आणि रसेल या शास्त्रज्ञांनी यावर पद्धत दिली: प्रत्येक ठिकाणचं सरासरी उत्पन्न हाच तिथला कस धरायचा, वाण त्या कसाबरोबर किती चढतो-उतरतो आणि आपल्या रेषेपासून किती भरकटतो ते बघायचं. जो भरकटत नाही तो स्थिर. साठ वर्षं होत आली, आपण अजून सरासरीवरच.

बांधावरचा:
साहेब, तुमचा तो दुसरा वाण माझ्या काय कामाचा? माझं रान 140 वालं. ठिबक आहे, शेणखत आहे. फरसबीच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी नीट येत नाहीत, म्हणून नत्रही वेळेवर देतो. एवढा खर्च मी करायचा आणि वाणाने 95 वर हात वर करायचे? आमच्यात याला स्थिर नाही, आळशी म्हणतात.

ढेकूळ:
तुमच्याकडे पाणी आहे म्हणून ही भाषा. ज्याची विहीर जानेवारीत तळ गाठते त्याच्याशी बोला.

आकडेमोड:
दोघंही थांबा, मूळ लेखातच घोळ आहे. ढेकूळ यांच्याच आकड्यांवर हिशेब केला. पहिल्या वाणाचा उतार, म्हणजे कसाबरोबरचा चढ-उतार, 1.67, दुसऱ्याचा 0.33, आणि विचलन, म्हणजे रेषेपासून भरकटणं, दोघांचंही शून्य. म्हणजे ज्यांचा दाखला दिलात त्या एबरहार्ट-रसेलच्या लेखी दोघंही सारखेच भरवशाचे! त्यांना हवा असलेला वाण म्हणजे सरासरी जास्त, उतार 1 आणि विचलन शून्याजवळ. कमी उतार म्हणजे स्थिर, ही बोली 1963 च्या फिनले-विल्किन्सनची, तीही ऑस्ट्रेलियात बार्लीच्या 277 वाणांवर बेतलेली. शिवाय दोनच वाण घेतले की एकाचा उतार चढला म्हणजे दुसऱ्याचा पडणारच. ही चाचणी नाही, सी-सॉ आहे.

ढेकूळ:
बरं. आकडे समजावण्यापुरते घेतले होते, पण चूक ती चूक. कागद तुमचा. ज्याच्या रानात 40 निघाले तो मात्र अजून तिथेच बसलाय.

बी_बियाणं:
स्थिरतेचं राहू द्या, आधी पाकिटात काय आहे ते बघा. गेल्या वर्षी दुकानदाराने मला ‘हायब्रीड फरसबी’ म्हणून दुप्पट भावाने पाकीट दिलं. फरसबी स्वपरागित, फूल आपल्याच परागाने फळतं! संकर करायचा तर एकेक फूल हाताने उघडायचं, आणि त्यातून शेंगेला चार-पाच दाणे. बी विकणाऱ्याला परवडेल का ते? संकर नाही, सरळ वाणच होता. बी घरी धरलं, यंदा तंतोतंत तसाच आला. तरी दुकानदार म्हणतो, “दरवर्षी नवीनच घ्यावं लागतं.”

पाटावरवंटा:
मघापासून काय फरसबी फरसबी! श्रावण घेवडा म्हणा की. आमच्या आजीच्या कुंपणावर वेल असायचा. शेंग चपटी, शिरा काढाव्या लागत, पण ओलं खोबरं घालून भाजी केली की चुलत घरातून वाट्या यायच्या. तुमची ती गोल फरसबी म्हणजे गाजराबरोबर पुलावात टाकायची वस्तू.

खाडीपलीकडचा:
घेवडा? आमच्याकडे घेवडा म्हणजे पावट्याच्या गोतातला. तुमच्या श्रावण घेवड्याशी त्याचा संबंध नाही.

पाटावरवंटा:
श्रावण घेवडा आणि फरसबी एकच जात, हे मलाही माहीत आहे. चव एक नाही, एवढंच म्हणतेय. आणि साताऱ्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकन आहे, त्याला काय म्हणाल?

खाडीपलीकडचा:
राजमा म्हणेन.

पाटावरवंटा:
साताऱ्यात येऊन म्हणा.

आकडेमोड:
हसू नका, याने खरंच डोकेदुखी होते. बाजाराच्या पट्टीवर, म्हणजे आडत्याच्या पावतीवर, ‘घेवडा’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यात पावट्याच्या गोतातली शेंग किती आणि फरसबी किती, हे आडत्यालाच ठाऊक. त्यावरून कुठल्या भागात कुठला वाण टिकला हे काढायला बसलो होतो. दोन महिने गेले.

पाटावरवंटा:
म्हणजे शेवटी माझं अवांतरच मुद्द्याचं निघालं!

विस्कॉन्सिनकर:
अमेरिकेत आमच्या राज्यात फरसबी डब्यात आणि फ्रीझरमध्ये जाण्यासाठी पिकते. यंत्र एकदाच फिरतं आणि सगळ्या शेंगा ओरबाडून नेतं. म्हणून वाणही असा हवा की सगळी फुलं एकदम यावीत. तुमच्याकडे माणसं आठ-आठ दिवसांनी तोडे करतात, तर हेच वाण आणून लावू नका. एकदम फुलणारा वाण एका गरम आठवड्यात सगळाच बसतो. दमादमाने फुलणाऱ्याचे निदान पुढचे तोडे हाती लागतात.

बांधावरचा:
हे पहिलं कामाचं बोललात, तेही विमानाने आलं. मी फरसबीचे कंटेंडर आणि अर्का कोमल हे दोन्ही वाण लावलेत. लग्नसराईत मजूर मिळत नाहीत, तोडा चार दिवस लांबला की शेंग निबर. वजन वाढतं, भाव पडतो. चाचणीच्या केंद्रावर वजन कुठल्या शेंगेचं धरतात? जून शेंग तराजूत घातली तर कुठलाही वाण भारी दिसेल.

आकडेमोड:
हा प्रश्न खरा आहे. तोड्याचा दिवस सगळीकडे एकच नसेल तर तुलनेला अर्थ नाही. आणि कंटेंडरचं म्हणाल तर तो अमेरिकेत चार्ल्सटनच्या दमट उकाड्यात तयार झाला आणि आपल्याकडे हिमाचलच्या डोंगरातही चालला. कोणी तसं ठरवलं नव्हतं. तेव्हा एकच वाण सगळीकडे चालणारच नाही, असंही ढेकूळ यांनी छातीवर हात ठेवून सांगू नये.

ढेकूळ:
सांगितलंच नव्हतं. चालतो की नाही ते दहा ठिकाणी, तीन हंगाम लावून बघा, सरासरी पाहून ठरवू नका, एवढंच म्हणत होतो. आता बांधावरच्यांसाठी: चांगल्या रानाला वेगळा वाण आणि कोरड्या रानाला वेगळा, हे मला मान्य. मग ‘राज्यभर’ हा शब्दच गेला की नाही?

बांधावरचा:
गेला. पण आळशी वाण आळशीच.

बी_बियाणं:
आणि दोन्ही रानांचं बी देणार कोण? तोच दुकानदार?

बांधावरचा:
पाटावरवंटा ताई, आजीचं बी शिल्लक आहे का? वेल असेल तर बांधाला सोडतो, शेवग्यावर चढेल. मूठभर पुरे.

पाटावरवंटा:
आहे, राखेत ठेवलंय. देईन. पण पहिल्या तोड्याची शेंग मला, आणि पट्टीवर ‘श्रावण घेवडा’ असं पूर्ण लिहून घ्यायचं. फरसबी लिहिलंत तर बी परत.